जानव्याला बांधलेली किल्ली

मी एक जुने पितळी कुलूप आहे. तोंड मिटून राहणे हाच आमचा पिढीजात धंदा, त्यामुळे बोलायची मला सवय नाही. तरी मित्रांनो, आज बोलणार आहे, कारण यंदाच्या श्रावणात माझ्या पहाऱ्यात एक मुलगा अडकला होता. घाबरू नका, मुलगा नव्हे, त्याचा पासपोर्ट. पण घरातल्या सगळ्यांचा जीव त्या पासपोर्टात अडकला होता, तेव्हा फरक काही फारसा नाही.

माझा जन्म अलीगढचा. तिथल्या एका बोळातल्या कारागिराने मला पितळेतून ओतले, कानशीने घासले आणि माझ्या पोटात सहा पत्त्या बसवल्या. किल्लीच्या दातांनी त्या सहाही पत्त्या नेमक्या उचलल्या की मी उघडतो. एकीचा जरी रुसवा राहिला तरी मी हलत नाही. कारागीर प्रत्येक कुलूप कानाशी धरून किल्ली फिरवायचा. मला त्याने दोनदा फिरवले, मान डोलावली आणि ठेवले. एवढे कौतुक मला पुढे कित्येक वर्षे पुरले.

पन्नास वर्षांपूर्वी जबलपूरच्या ओमतीच्या बाजारात बापूसाहेबांनी मला विकत घेतले. ते तेव्हा पंचविशीतले होते आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यात नुकतेच फिटर म्हणून लागले होते. कपडे, डबा, टॉवेल ठेवायला तिथे प्रत्येकाला एक लोखंडी कप्पा मिळे, पण कुलूप ज्याचे त्याने आणायचे. माझ्या किल्लीची जागा बापूसाहेबांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकली. त्यांचे वडील बांधत तशी त्यांनीही ती जानव्याला बांधली. आंघोळ असो, झोप असो, कोणाचे लग्न असो, किल्ली अंगावरच. सोबतचे कामगार हसत, "पंडितजी की तिजोरी आ गई" म्हणत. बापूसाहेबही हसत आणि गाठ घट्ट करत.

चौतीस वर्षे मी त्या कप्प्यावर लोंबकळलो. बाकीच्यांची कुलपे तीन-तीनदा बदलली, माझी जागा कोणी घेतली नाही. बापूसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी मित्रांनी त्यांना हार घातला आणि एकाने झेंडूचे एक फूल माझ्या कडीत खोवले. मला वाटले, आता घरी जाऊन मानाने बसायचे. कसले काय! घरी कुंदाताईंनी, म्हणजे बापूसाहेबांच्या बायकोने, मला लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवले. मग मागच्या अंगणातल्या दारावर टांगले. सहा पावसाळे मी तिथे भिजलो. हिरवा पडलो, आतून आखडलो. तेलाचा एक थेंबही कोणाला सुचला नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय.

पुढे मला घरात आणून पत्र्याच्या मोठ्या पेटीला लावले, ते यंदाच्या जूनमध्ये. त्याचे कारण तनय.

तनय हा बापूसाहेबांचा नातू, अठरा वर्षांचा. मुलगा अनुपम आणि सून दीप्ती सोळा वर्षांपासून सिंगापूरला असतात. तनय दोन वर्षांचा असताना तिकडे गेला आणि तिकडचाच होऊन वाढला. तिथे कायदा असा, की आईबापांमुळे ज्यांना कायम राहायची परवानगी मिळाली आहे त्या मुलांनाही अठरा झाले की दोन वर्षे फौजेत जावे लागते. शाळा संपली, तपासण्या झाल्या आणि तनयच्या हाती तारीख पडली. त्याआधीचे दोन महिने तो आजीआजोबांकडे राहायला आला. आल्या आल्या आजीने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. "इकडंतिकडं टाकशील," म्हणून पेटीत ठेवला, मला अडकवले आणि किल्ली बापूसाहेबांच्या जानव्यावर गेली.

मग सुरू झाली तयारी. बापूसाहेब त्याला पहाटे उठवत. तो आमच्या सदर मोहल्ल्यातून कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यांवर धावून येई. सकाळी तो जेवढा घाम गाळी, तेवढे तूप आजी दुपारी त्याच्या पानात वाढी. बापूसाहेबांनी त्याला बुटांना पॉलिश करणे, शर्टाला कडक इस्त्री करणे, बटण लावणे, चादर सुरकुती न पडता ताणणे, सगळे शिकवले. तनय सगळे हसत हसत शिके. त्याचे मराठी तुटके, पण हसणे मात्र अखंड असे.

मित्रांनो, मी मात्र त्याला दुपारचे पाहत होतो. आजीआजोबा वामकुक्षी घेत तेव्हा तो माझ्या पेटीवर येऊन बसे आणि फौजेत हजर होताना सोबत काय आणायचे त्याची यादी फोनवर पुन्हा पुन्हा वाचे. वाचताना त्याचे बोट माझ्यावर टकटक करत राही, आणि तेव्हा तो हसत नसे.

कुंदाताईंना हे जाणे पटलेलेच नव्हते. एका दुपारी भाजी निवडता निवडता त्या बापूसाहेबांना म्हणाल्या, "इथं सदरमधली पोरं भरतीसाठी दौडून राहिली, त्यांचं मला समजते. आपला देश आहे. हा कोणासाठी चालला?"

"जिथं वाढला त्यांच्यासाठी," बापूसाहेब म्हणाले. "सोळा वर्षं तिथलं पाणी पिऊन राहिला तो. शाळा तिथली, दोस्त तिथले."

"अन् बंदूक?"

"मी जिंदगीभर तोफांचे नटबोल्ट आवळले. तेव्हा तू काही नाही म्हटलं."

"तुम्ही संध्याकाळी घरी येत होते," कुंदाताई म्हणाल्या आणि बाकीची भाजी न निवडताच उठून गेल्या.

त्यानंतर आली श्रावणी. नारळी पौर्णिमेला दत्तमंदिरात सगळे जमतात, मंत्र म्हणतात, जुने जानवे उतरवून नवे घालतात. बापूसाहेबांची रीत पन्नास वर्षांत बदलली नव्हती. आधी किल्ली सोडून दातांत धरायची, नवे जानवे घालून तिला त्याच्यावर गाठ मारायची, मगच जुने काढायचे. पण यंदा शेजारी तनय बसला होता. त्याची मुंज जबलपूरलाच झाली होती, तेव्हापासून हा पोरगा श्रावणीला पहिल्यांदाच हाती लागला होता. त्याने नवे जानवे आधी उजव्या खांद्यावर घातले, मग त्यात हात अडकवला, मग सगळे मिळून गळ्यात. बापूसाहेब त्याला सोडवत बसले, आणि त्या कौतुकात स्वतःचे जुने जानवे त्यांनी किल्लीसकट उतरवून ताटात ठेवले. ते ताट फुलांसकट कुंदाताईंनी आणि वरच्या मजल्यावरच्या बेबीताईंनी ग्वारीघाटावर नेले आणि त्यातले सगळे नर्मदेत सोडले.

हे मला कळले दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी. बापूसाहेब न्हाणीघरातून अर्ध्या साबणानिशी बाहेर आले. एक हात छातीवरून कमरेपर्यंत फिरवत होते.

"कुंदा," ते म्हणाले, "किल्ली."

कुंदाताई देवापाशी होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

आता ऐका पंचाईत. सोमवारी सकाळी तनयचे विमान होते आणि गुरुवारी त्याला हजर व्हायचे होते. माझी दुसरी किल्ली अनुपमने शाळेत असतानाच हरवलेली. बापूसाहेब आणि तनय रिक्षाने घाटावर गेले. श्रावणातली नर्मदा, दोन्ही काठ भरून गढूळ चाललेली. एका नाववाल्याने त्यांची कहाणी ऐकून घेतली आणि सांगितले, "बाबूजी, पीतल की चाबी है, चुंबक भी नहीं पकड़ेगा. मैया ने रख ली." तिथून ते ओमतीला किल्लीवाल्याकडे गेले, तर त्याची जागा रिकामी. आदल्या दिवशी राखी झालेली, आणि त्या दिवशी होत्या कजलिया. राखीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लोक गव्हाचे कोवळे अंकुर एकमेकांच्या हाती देऊन गळाभेट घेतात, अर्धा बाजार बंद असतो. सदरमधला वेल्डिंगवाला सुशांत बहिणीकडे कुंडमला गेलेला. त्याचा फोनही लागेना.

दुपारी अनुपमचा फोन आला. पेटीवरच फोन ठेवला होता, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाबा, हातोडा घ्या आणि तोडा ते कुलूप. तारखेला हजर नाही झाला तर तिथं गुन्हा आहे तो. पुढं आमच्या घरी यायचं म्हटलं तरी आधी कोर्टात उभं राहावं लागेल त्याला."

"बघतो," बापूसाहेब म्हणाले.

फोन बंद झाला. कुंदाताई दाराशी उभ्या होत्या. "मैयानंच नाही म्हटलं असेल तर?" त्या म्हणाल्या.

तनयने माळ्यावरून हातोडा काढला आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसला. मित्रांनो, पन्नास वर्षे मी कोणाला घाबरलो नव्हतो, त्या क्षणी घाबरलो. तुटलेल्या कुलपाला भंगारवाल्याशिवाय कोणी वाली नसतो. त्याने हातोडा उचलला. पण तो तसाच वर राहिला, आणि मग हळूच जमिनीवर टेकला.

"आजोबा, एक सांगू?" तो म्हणाला. "सकाळी किल्ली नाही म्हटलं ना, तेव्हा मला बरं वाटलं. एकदम हलकं."

"काहून रे?" बापूसाहेब त्याच्याजवळ खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून एरवी ते जमिनीवर बसत नाहीत.

"मला नाही जमणार तिथे. मला एक पुलअप पण नीट येत नाही. सगळे हसणार. आणि मी कधी घराच्या बाहेर एकटा झोपलो पण नाही. मला डर लागून राहिला, आजोबा. आई-बाबाला नाही सांगितलं. त्यांना वाटते मी ओके आहे."

त्याच्या हनुवटीवरची दाढी अजून कोवळी होती. बापूसाहेबांनी माझ्यावर बोट ठेवले.

"कारखान्यात लागलो तेव्हा पहिला महिना मी रोज रडलो. मशीनच्या आवाजानं छातीत धडधड होत होती. जेवायच्या सुट्टीत कप्प्याचं दार उघडायचं, त्यात डोकं घालायचं अन् रडायचं. बाहेरून वाटे की माणूस डबा शोधून राहिला. कोणाला माहीत नाही. तुझ्या आजीला पण नाही. या कुलपाला विचार."

मित्रांनो, हे मला पन्नास वर्षे ठाऊक होते. त्या उघड्या दारावर लोंबकळताना मी त्यांचे हुंदके अगदी जवळून ऐकले होते. मी कधी कोणापाशी बोललो नाही. ते स्वतःच्या तोंडाने बोलले तेव्हा मला भरून आले.

"मग रडणं बंद कधी झालं?" तनयने विचारले.

"एक दिवस बंद झालं असं नाही. कमी होत गेलं. अन् एका दुपारी पाहिलं तर सुट्टी संपली होती अन् मी डबा खाऊन बसलो होतो." त्यांनी नातवाच्या हातातून हातोडा काढून घेतला. "जायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणशील तर तुझ्या बापाला मी सांगतो. पण जाशील तर कुलूप तोडून नाही जायचं. घरून निघताना माणसानं कुलूप तोडू नये. उघडून निघावं."

तनयने माझी कडी हलकेच ओढून पाहिली. मग म्हणाला, "उघडायचं कसं?"

बापूसाहेब उठले आणि अवजारांचा डबा घेऊन आले. अनुपमने किल्ली हरवली त्या वर्षी त्यांनी एक कोरी पितळी किल्ली आणून ठेवली होती, दात न पाडलेली. फिटर माणूस, घरच्या घरी दुसरी किल्ली करणार होता. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता तीस वर्षे गेली होती. आता हात कापू लागले होते आणि एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता.

"कानस तू धरायची," ते तनयला म्हणाले. "कोरी किल्ली दिव्यावर धरून काळी करायची. कुलपात घालून जरा फिरवायची. आत पत्ती जिथं अडते तिथली काजळी पुसली जाते. तेवढंच घासायचं. परत काळी करायची. असं सहाही पत्त्या कबूल होतपर्यंत." मग ते दाराकडे वळून म्हणाले, "कुंदा, एक दिवा लावून देतेस काय?"

कुंदाताई दाराच्या चौकटीला टेकून सगळे ऐकत होत्या. त्या हलल्या नाहीत.

"मला दिसली होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"किल्ली. घाटावर ताट हातात घेतलं तेव्हा फुलांखाली गाठ लागली हाताला. बेबीताई पुढं पायरीवर होत्या. काढून घ्यायला किती वेळ लागत होता? नाही काढली. म्हटलं, मैया ठेवून घेते तर घेऊ दे. पोरगं राहील." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "कालपासून देवापुढं उभी राहून राहिली, पण वर पाहायची हिंमत होत नाही."

बापूसाहेब एवढेच म्हणाले, "अच्छा." त्या एका शब्दात राग मी शोधला, पण मला सापडला नाही. तनय उठला आणि आजीला मिठी मारून उभा राहिला. आजी त्याच्या खांद्याएवढी. "मग आपण दोघं एकाच टीममध्ये होतो, आजी," तो म्हणाला, आणि त्या रडता रडता हसल्या.

थोड्या वेळाने त्या आत गेल्या आणि तेलाचा दिवा पेटवून घेऊन आल्या. तुपाचा नाही, तेलाचा, कारण काजळी तेलाच्या दिव्याला धरते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. ह्याच हातांनी त्यांनी तनयसाठी काजळ पाडले होते. पाटावर बसून त्यांनी किल्ली चिमट्यात धरली आणि ज्योतीवर फिरवून काळी केली.

"घे," त्या म्हणाल्या.

दोन तास ते तिघे माझ्यापाशी बसले होते. किल्ली आत यायची, जरा वळायची, अडायची. बाहेर काढून तनय चकाकणारी खूण शोधायचा, बापूसाहेब तिच्यावर नख ठेवून सांगायचे, "बस, इथं दोन हात मार. जास्त नको." आजी पुन्हा काळी करायची. मध्ये एकदा बेबीताई कजलिया द्यायला आल्या, दिव्यावर किल्ली भाजताना पाहून त्यांना वाटले घरात काही तोडगाच चालू आहे, आणि हातावर अंकुर ठेवून काही न विचारता परत गेल्या. पाच पत्त्या कबूल झाल्या. सहावी मात्र हलेना. मित्रांनो, खरे सांगतो, त्यात हट्ट माझाही होता. सहा पावसाळ्यांची माती आत साचली होती, आणि मलाही वाटत होते की पोरगा राहिला तर काय बिघडले.

बापूसाहेबांनी वाकून माझ्यापाशी कान लावला आणि किल्ली फिरवली. "किल्ली बरोबर आहे," ते म्हणाले. "कुलूप आखडलं आहे. तेल पाहिजे."

कुंदाताई उठल्या आणि आपल्या केसांना लावायची खोबरेलची बाटली घेऊन आल्या. माझ्या भोकात त्यांनी स्वतः तेल सोडले, तीन थेंब, लहान मुलाच्या कानात सोडतात तसे. मग पदराने मला पुसले. इतक्या वर्षांत मला त्यांनी प्रेमाने हात लावलेला तो पहिलाच. मी कसा हटून बसणार? तनयने किल्ली फिरवली आणि मी उघडलो.

पेटी आजीनेच उघडली. वरच्या साडीखालून पासपोर्ट काढला, त्याला कुंकवाचे बोट लावले आणि तनयच्या हातात दिला. "जा," त्या म्हणाल्या. "अन् डर लागला तर मला सांगत जा. बाकीच्यांना नको सांगू, मला सांग." सोमवारी सकाळी तो गेला.

आता महिना झाला, तो तिथल्या बराकीत आहे. सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन येतो. पहिल्या आठवड्यात तो फार रडला, आजीलाच सांगितले. दुसऱ्यात कमी. मागच्या रविवारी तो रडायचे विसरून मित्राच्या घोरण्याची नक्कल करत बसला, आणि फोन ठेवल्यावर आजी त्याच्या जुन्या शर्टाची घडी पुन्हा पुन्हा घालत राहिल्या.

मित्रांनो, घरात कुठे माझ्यासारखे जुने कुलूप टांगलेले असेल तर त्याला महिन्यातून एकदा तेल द्या आणि अधूनमधून उघडा. आम्ही बंद राहण्यासाठी जन्मलो खरे, पण नुसते बंद राहून आम्ही गंजतो. आमच्या पोटात आपले माणूस अडकवून ठेवायचा मोह तुम्हालाही कधी होईल. होऊ द्या, त्यात पाप नाही. फक्त वेळ आली की दिवा स्वतःच्या हाताने धरा.

ती नवी किल्ली आता कुंदाताईंच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असते. नवशिक्या हाताने घासलेली, त्यामुळे तिचा शेवटचा दात जरा खरबरीत आहे आणि फिरवताना दर वेळी मला बोचतो. परवा बापूसाहेब कानस घेऊन आले आणि म्हणाले, "दे इकडे, दोन हात मारून गुळगुळीत करून देतो."

कुंदाताईंनी किल्ली मुठीत धरली. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्याच्या हातची आहे."